अंगठ्याखालचं बटण

"भंते, मी पुढचं दाबते, मग पान मागं काहून जाते?"

भंते उपसेन विहाराच्या अंगणात दोरीवर अंगावर पांघरायचं चीवर वाळत घालत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"कोणतं पान?"

"कम्प्युटरचं."

"अच्छा…"

चीवराचं टोक त्यांनी झटकलं, दोरीवर सरळ केलं. एक सुरकुती राहिली होती, तीही हातानं काढली. मी कडेवर पोर घेऊन उभी. माझा जीव कासावीस, आणि यांना सुरकुतीची पडलेली.

"सारखं मागं जाते?"

"सारखं. नेमकं पाहिजे तवाच."

"तुला कुठं जायचं आहे?"



मला माझ्या मायचं तोंड पाहायचं होतं.

आमचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. माय त्याच्याही आधी गेली, मी दुसरीत होते तेव्हा. तिचा फोटो होता, पण गाव हलवताना ट्रॅक्टरवरची पेटी पावसात भिजली आणि फोटोचा लगदा झाला. माझ्यापाशी उरलं काय, तर हिरव्या बांगड्या, चुलीपुढं बसलेली पाठ, आणि "येसूऽऽ" अशी लांबवलेली हाक. तोंड पुसून गेलं होतं. झोपताना आठवायला जावं तर दुसऱ्याच कुणाचं तरी यायचं. कधी शेजारणीचं, कधी शाळेतल्या बाईंचं.

उत्पला झाली तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "पोरगी आजीवर गेली, तुझ्या मायवर."

मी हो म्हटलं. खरं की खोटं, मला कसं कळणार?

त्या दिवसांत मला भीती सोडत नव्हती. पोर दूध ओकली तरी भीती, नाही ओकली तरी भीती. झोपली की नाकापाशी बोट धरून श्वास बघायचा. बाकीच्या बाया अडलं की आपल्या मायला विचारत. मी कोणाला विचारू? मनात एकच बसलं होतं, एकदा मायचं तोंड दिसलं की मला समजेल. काय समजेल ते सांगता येत नव्हतं. पोर कशी जपायची ते समजेल, असं वाटायचं.

मग काकाच्या पोराचा फोन आला. आमच्या गावच्या एकानं पुण्यात बसून गावाचे जुने फोटो इंटरनेटवर टाकले होते.

"येसू, बुद्ध पौर्णिमेचा एक फोटो आहे. तुझी माय खीर वाढून राहिली. तू कडेवर."

"खरं?"

"मी कशाला खोटं सांगू? स्वतः बघ ना जाऊन."

जाऊन म्हणजे विहारात. तेव्हा आमच्या घरात बटणाचा मोबाईल होता, तो नवऱ्याच्या खिशात. आम्ही तेव्हा राहत होतो त्या गावात इंटरनेट म्हणायचं तर विहाराला लागून असलेल्या खोलीतला तो एक कम्प्युटर. नागपूरच्या कुणा उपासकानं आपला जुना दिला होता. डोंगलला रेंज फक्त खिडकीत मिळायची, म्हणून तो लांब वायरीनं खिडकीच्या गजाला टांगलेला असायचा. मी एकदा म्हटलं, "लिंबू-मिरची टांगल्यासारखं दिसते." तर खोली सांभाळणारे रामटेके गुरुजी अर्धा तास रागावले. रिटायर मास्तर ते. अंधश्रद्धेचा विषय निघाला की त्यांना शाळेची घंटा ऐकू येत नसे.

काय दिवस होते ते… फोटो उघडायचा तो वरून खाली, चटई उलगडावी तसा. आधी आभाळाची पट्टी. मग थांबायचं. मग झाडाचा शेंडा. पुन्हा थांबायचं. आता बोट लावलं की फोटो येतो, बोट सारलं की जातो. कोणी कोणाच्या आभाळाची वाट बघत नाही. त्या खोलीतला भिंतीच्या चुन्याचा वास, कम्प्युटरच्या पंख्याची घरघर, बाहेर मैदानात बांधलेल्या बकऱ्या. सगळं अजून जसंच्या तसं कानानाकात आहे.

आणि तो माऊस. मोठा, काळा, कम्प्युटरबरोबरच आलेला. त्याला वरच्या बटणांशिवाय एक जादा बटण होतं, बाजूला, बरोबर अंगठ्याखाली. ते दाबलं गेलं की पान मागं जायचं. साहेब लोकांच्या सोयीसाठी असेल. मला ती सोय नडली.

फोटोचं नाव दाबलं की आभाळ यायचं. पिंपळ यायचा. पंचशील ध्वजाचं टोक यायचं. खालचं बघायला माऊसचं चाक फिरवावं लागायचं. मग बायांच्या डोक्यांवरचे पदर दिसू लागायचे… आणि पान मागं! पुन्हा फोटोंच्या नावांची यादी. पुन्हा आभाळापासून.

रामटेके गुरुजींनी उपाय करून पाहिले. आधी कम्प्युटरच्या आत शिरून ते बटण बंद करायला गेले. आत डाव्या बटणाचं होतं, उजव्याचं होतं, अंगठ्याच्या बटणाचं नावच नव्हतं.

मग त्यांनी बटणावर चिकटपट्टी लावली. पट्टीसकट दाबलं जाऊ लागलं.

मग पुठ्ठ्याचा तुकडा घडी करून बटणाच्या फटीत खुपसला. तर बटण आतच अडकलं, आणि पान कोणी हात न लावता मागं, मागं, मागं जात राहिलं. गुरुजींनी वायरच उपटली.

"अवं बाई, तुझ्या अंगठ्यात काय भूत शिरलं काय?"

"तुम्हीच म्हणता भूत नसते."

"नसते! पण तुझ्यापाशी असंन!"

"दुसरा माऊस आणा मग."

"कोणी नागपूरला गेलं की आणू. पुढच्या हप्त्यात."

पुढच्या हप्त्यात मी तिथं नसणार होते. नवऱ्याला चंद्रपूरकडे काम लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही बिऱ्हाड हलवणार होतो. तिकडं कोणाच्या घरी कम्प्युटर असणार, आणि मला त्यापुढं कोण बसू देणार? जे बघायचं ते आजच.

"मग तू ऊठ," गुरुजी म्हणाले. "मी उघडून देतो. पाच मिनिटांचं काम."

"नाही."

"काहून नाही?"

"माझी माय आहे. मीच उघडीन."

"मी उघडली तर ती काय रुसून बसंन?"

सातवीपर्यंत शिकले म्हणून काय झालं, एवढं तर मला जमायलाच पाहिजे होतं. दुसऱ्यानं दाखवलेली माय मला नको होती. म्हणून तर पोरीला उचललं आणि सरळ अंगणात भंतेंपुढं जाऊन उभी राहिले होते. हे सगळं त्यांना सांगून झाल्यावर म्हटलं,

"भंते, गुरुजींना सांगा, माऊस बदलून द्या. आजच. कोणाकडून तरी मागून आणा. हा माऊस खराब आहे."

"माऊस बदलला तर पान मागं जाणार नाही?"

"नाही जाणार."

"आणि हात?"

"हात काय?"

"हात कोणता आणशील?"

मला राग आला. भंतेंसमोर रागवू नये, पण आला.

"भंते, मला उद्या जायचं आहे. तुम्ही अशी कोडी घालू नका."

"चल," ते म्हणाले. "दाखव."

खोलीत गुरुजी खुर्चीतून उठले. भंते बसले नाहीत. मी उत्पलाला खाली चटईवर ठेवलं आणि कम्प्युटरपुढं बसले. गुरुजींनी पुठ्ठा काढून वायर लावून दिली. मी फोटोचं नाव दाबलं.

आभाळ आलं.

पिंपळ आला.

चाक फिरवलं. ध्वज आला. पदर आले. एक निळा, एक पांढरा. पांढऱ्या पदराखाली कपाळाची कड दिसली…

यादी.

"पाहा!" मी ओरडले. "पाहा, मी काहीच केलं नाही!"

गुरुजी पडद्याकडे बघत होते. मीही पडद्याकडेच. भंते मात्र माझ्या हाताकडे पाहत होते.

"फोटोचं नाव दाबून झालं. मग हात काय करते?"

"धरून ठेवते."

"काय धरते?"

"माऊस."

"काहून? तो पळते?"

गुरुजी हसले. मला हसू आलं नाही.

"सोडला तर फोटो यायचा थांबेल असं वाटते."

"थांबते?"

"…माहीत नाही. सोडलाच नाही कधी."

"हलका धर, हलका धर म्हणून माझी जीभ झिजली, भंते," गुरुजी म्हणाले. "ही ऐकतच नाही."

"हलकाच धरते मी!"

म्हटलं खरं. तेव्हा माझी बोटं पांढरी पडली होती, अंगठा बाजूच्या बटणावर रुतला होता.

दुसरा कुणी असता तर त्यानं माझा अंगठा धरून उचलला असता, आणि तिथंच गोष्ट संपली असती. पण भिक्खू बाईच्या हाताला हात लावत नाहीत. त्यांचा नियमच तसा. एखादी वस्तू द्यायची झाली तरी आम्ही ती समोर ठेवतो, मग ते उचलतात. ते माझ्यापासून हातभर लांब उभे होते. माझा हात त्यांना दिसत होता, आणि दाखवायला त्यांच्यापाशी हात नव्हता.



चटईवर उत्पला कुरकुर करू लागली.

"आज हिची टाळू भरली काय?" भंतेंनी विचारलं.

"नाही. सकाळपासून इथंच आहे मी."

"तेल आणलं आहे?"

पिशवीत होतं. एरंडेलाची छोटी बाटली मी कुठंही जाताना सोबत घ्यायचे. पोरीला काय कधी लागेल, काय सांगावं.

"भर."

"आता?"

"आता."

"भंते, ते पान… रेंज जाईल. नंतर भरते ना."

"भर, बाई."

मी खुर्चीतून उतरले. खरं सांगायचं तर चिडूनच उतरले. चटईवर पाय पसरले, पोरीला पायांवर घेतलं, तळहातावर तेल ओतलं. गुरुजी खिडकीकडे तोंड करून डोंगल हलवत बसले.

टाळूवर हात ठेवला.

ज्यांनी ठेवला असेल त्यांना माहीत आहे. तिथं हाड नसते. तळहाताखाली नुसतं धडधडत असते, पाण्याखाली काही हलावं तसं. तिथं दाबायची कोणाची हिंमत होत नाही. आणि हात उचलावासाही वाटत नाही. मी हात ठेवला तशी उत्पला गप्प झाली. डोळे अर्धे मिटले. तेल जिरत गेलं. मला कोणी हे शिकवलं नव्हतं. पहिल्या दिवशी हात आपोआप तसाच पडला होता.

किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर बकरी ओरडली. मी सकाळपासून ओढून धरलेला श्वास सुटला, तेव्हा कळलं की तो मी धरला होता.

"हां," भंते हळूच म्हणाले. "आता ऊठ. काही बदलू नको. हाच हात तिकडं ठेव."

मी पोरीला खांद्यावर टाकलं आणि तशीच उठले.

"अवं, हात पूस!" गुरुजी म्हणाले. "माऊस तेलकट होऊन राहिला ना!"

"होऊ द्या, गुरुजी," भंते म्हणाले.

मी हात ठेवला. तो काळा माऊस तळहातात बरोबर उत्पलाच्या टाळूएवढाच होता. गोल, कोमट. मी फोटोचं नाव दाबलं. अंगठा कुठं गेला होता माहीत नाही. बाजूलाच कुठंतरी टेकला असेल.

आभाळ आलं.

त्या दिवशी पहिल्यांदा मी ते आभाळ पाहिलं. आमच्या गावावरचं. वैशाखातलं, पांढुरकं, कडेला धूळ उठलेली. पिंपळ आला. त्याला एका बाजूला फांदीच नव्हती, वीज पडली होती त्याच्यावर. हे मी विसरलेच होते. ध्वज आला. ध्वजाच्या काठीला कोणाचं तरी सायकलचं टायर अडकवलेलं. चाक फिरवत गेले. विहाराची कौलं आली, आमचं जुनं विहार, आता त्याच्यावरून मासे जातात. बाजेवर बसलेले म्हातारे आले. त्यातला एक आमचा आजा, विडी लपवत असलेला. मी हसले.

"काय दिसते?" गुरुजींनी विचारलं.

"आजा."

"अन् माय?"

"येते…"

निळा पदर आला. त्याखालचं तोंड पदरानं झाकलेलं. पांढरा पदर आला. ती आमच्या शेजारची होती, मी ओळखलं. मग खिरीचं पातेलं. पातेल्यामागं हिरव्या बांगड्यांचा हात. हातात पळी.

आणि तोंड.

कोणी सांगायची गरज पडली नाही. उत्पलाचं नाक होतं ते. जसंच्या तसं, शेंड्याला थोडं चपटं.

भंते आज नाहीत. ती खोलीही पाडली, तिथं आता स्लॅबची मोठी अभ्यासिका झाली आहे. मी कधी पुन्हा त्या गावी राहायला गेले नाही. फोटोंचं ते पानही मग कुणी बंद केलं. पण तो फोटो आला तेव्हाचं सगळं माझ्या डोळ्यांपुढं थांबून आहे. माझ्या खांद्यावर पोर झोपलेली, तेलाचा वास, आणि ती.

मी तिला मोठी समजत होते. माय म्हणजे मोठी बाई, भक्कम, तिला सगळं येते. इतकी वर्षं मी तशाच बाईला मनात हाक मारत होते.

ही तर पोरगी होती.

गळ्याची हाडं वर आलेली. गालावर पोरपण. लुगडं अंगावर राहत नाही म्हणून खोचलेलं. एका हातात पळी, आणि दुसऱ्या हातानं मला अशी आवळून धरलेली की माझा फ्रॉक काखेपाशी गोळा झाला होता. फोटो काढणाऱ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. खीर वाढता वाढता ती माझ्याकडे बघत होती. डोळे मोठे केलेले, खालचा ओठ दातांत धरलेला.

असं कोण बघते, ते मला माहीत होतं.

"सापडली?" भंतेंनी विचारलं.

मी मान हलवली.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला नाही.

"भंते…"

"हं."

"ही तर माझ्याहून लहान आहे."

मी पडद्याजवळ वाकले.

"आणि घाबरलेली आहे, भंते. हिला काहीच येत नाही. हिलाच काही माहीत नाही… मी हिला विचारायला आले होते!"

बाहेर दोरीवरचं चीवर वाऱ्यानं फडफडलं. भंते एक पाऊल पुढं आले. इतका वेळ त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. खूप वेळ पाहत राहिले, घरी आलेल्या माणसाकडे पाहावं तसं…

मग म्हणाले,

"तिला धीर दे."